जमणीचं म्हणणं

उस्मानाबादच्या बाररूममध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा खुर्च्या भरपूर होत्या. मी कुठं बसायचं, हे मात्र कुणालाच ठरवता येईना. खिडकीच्या बाजूला शेरवानीतले जुने वकील बसायचे. निजामाच्या अमलात कोर्टाची भाषाच उर्दू, त्यामुळं त्यांचा सगळा कायदा उर्दूत पाठ. दाराच्या बाजूला धोतर-कोटातले आणि नव्यानं पँट घालू लागलेले मराठी वकील. संस्थान विलीन झालं, मग आम्ही मुंबई राज्यात आलो, मग महाराष्ट्र झाला. दर वेळी कायद्याची पुस्तकं आणि साहेबांच्या टोप्या बदलल्या, पण बाररूममधली ही दोन तोंडं काही एकमेकांकडं वळली नाहीत. त्यात मी, पांढऱ्या पातळावर काळा कोट घातलेली, तुळजापूरच्या शाळामास्तरांची मुलगी, हैदराबादला कायदा शिकून आलेली. सगळे एकदम पेपर वाचायला लागले. शेवटी खिडकीजवळचे काझीसाहेब उठले आणि म्हणाले, "बेटी, इधर बैठो. हवा अच्छी आती है."

पुढं ते जाईपर्यंत मी त्या खिडकीशीच बसले.

पहिली काही वर्षं माझ्याकडं कामं यायची ती नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची. ढोकीकडचा एक म्हातारा तर माझ्यासमोर बसून बराच वेळ काही बोलेचना. शेवटी मीच विचारलं, "बाबा, काय काम आहे?" म्हातारा म्हणाला, "काय न्हाय, पोरी. वकील यायची वाट बघतुया." मी वकील आहे हे पटवायला काझीसाहेबांना साक्ष द्यावी लागली. तेवढ्यानंही त्याचं समाधान झालं नाही. तो उठून दाराच्या बाजूला गेला.

असो. आज सांगायची आहे ती जमणीची केस.

एक दिवस थावरू नाईक नावाचा लमाण, डोक्याला लाल फेटा गुंडाळलेला, बाररूमच्या दारात उभा राहिला. तो तांड्याचा म्होरक्या. तांडा उमरग्याकडचा, पण रस्त्याच्या कामाला खडी फोडायला येरमाळ्याजवळ उतरलेला. तांड्यातली एक बाई, जमणी, पोर पळवल्याच्या आरोपाखाली तुरुंगात होती. दारापासून खिडकीपर्यंत त्यानं प्रत्येकाला हात जोडले. कुणाला तारीख होती, कुणाला ताप होता. मग कुणीतरी गंमत म्हणून माझ्याकडं बोट दाखवलं. "बाईची केस हाय ना? मग बाईकडंच द्या की."

नाईकानं जे सांगितलं ते असं. चैत्री पुनवेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखीच्या दिवशी चुन्याच्या रानात चुनखडी वेचायला माणसांचा नुसता समुद्र लोटतो. त्या गर्दीत शेजारच्या गावच्या दत्ताराव पाटलाची तीन-एक वर्षांची मुलगी हरवली, आणि सापडली ती जमणीच्या कडेवर. आरशांची काचोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, अंगावर घागरा. लोकांनी ओळखायला वेळ लावला नाही. 'लमाणीण पोर घेऊन चालली' अशी ओरड झाली, आणि जमणीला तिथंच बेदम मारलं. नंतर पोलिसांच्या हवाली केलं. मुलीच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या गेल्या म्हणून पाटलानं तक्रार दिली. म्हणजे आरोप नुसता पोर पळवल्याचा नव्हता. अंगावरचा ऐवज चोरण्यासाठी लहान मूल पळवल्याचा होता. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जमणीला जामीन राहील असा घरदारवाला माणूस तांड्यात कुठला? ती आतच होती.

"बाई, कबूल करून टाकू," नाईक म्हणाला. "साहेब थोडक्यात सोडतील. आमचं कोण ऐकतंय?"

जन्मानंच माणसाला गुन्हेगार ठरवणारे कायदे रद्द झाले होते, पण ते पुस्तकातून. माणसांच्या मनातून ते गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यावर ते लादले होते त्यांच्याही मनातून गेले नव्हते.

मी नाईकाला घेऊन तुरुंगात गेले. जमणी पंचविशीची असेल. गालावर माराचा काळा डाग अजून होता. मी म्हणाले, "नाईक, हिला विचारा, यात्रेत काय झालं?" नाईकानं विचारलं. जमणी बोलायला लागली. हातवारे करून, रडून, मध्येच कडेवर काही घेतल्यासारखं करून, बराच वेळ बोलली. बोलून थांबली.

"काय म्हणते?"

"व्हय म्हणती," नाईक म्हणाला.

"एवढं बोलली, आणि नुसतं व्हय?"

"बाकीचं रडणं हाय, बाई."

आमच्या धंद्यात वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा माणूस. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की जमणीच्या वतीनं बोलणाऱ्यांची रांगच लागली होती. पोलीस, पाटील, नाईक, आता मी. तिचं स्वतःचं म्हणणं मात्र अजून कुणी ऐकलेलंच नव्हतं. नाईक वाईट माणूस नव्हता. तांड्यावर आणखी आळ येऊ नये म्हणून एका बाईवर भागवायला निघाला होता.

मी त्याला विचारलं, तुमच्यात मराठी नीट येणारं दुसरं कुणी नाही का? तो आधी नाहीच म्हणाला. मग पायाकडं बघत म्हणाला, "एक पोरगं मास्तर झालंय. उमरग्याच्या अलीकडं एका गावात हाय. पर त्ये आमच्याकडं येत न्हाय. आमीबी जात न्हाय."

रविवारी एस.टी.नं मी त्या गावी गेले. राठोड गुरुजी तरुण होते, पांढरीशुभ्र टोपी, धुतलेलं धोतर, बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. एका शेतकऱ्याच्या घरात भाड्याची खोली घेऊन राहत होते. मी जमणीचं नाव काढताच त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"बाई, हळू बोला. इथं मला रजपूत समजतात. घरमालकीण स्वतः भाकरी आणून देते. लमाण आहे म्हणून कळलं तर भाकरी तर जाईलच, लोक शाळेत पोरं पाठवतील की नाही, देव जाणे."

"कोर्टात नको," मी म्हणाले. "एकदा तुरुंगात येऊन तिचं ऐका. एवढंच."

ते आले. जमणीशी बोलायला लागले तेव्हा पहिल्यांदा अडखळले. किती वर्षांत ती भाषा मोठ्यानं बोलले नसतील! मग दोघं असे बोलत सुटले की मी नुसती बघत राहिले. शेवटी गुरुजी माझ्याकडं वळले.

"ती म्हणते, पोरगी चुन्याच्या रानात एकटी रडत होती. लोक पायाखाली घेतील म्हणून मी उचलली. तिच्या आईला शोधत हिंडले. आई सापडायच्या आधी लोक सापडले."

"आणि तोरड्या?"

"पायात काही नव्हतंच म्हणते. पाय मात्र दुखत होता पोरीचा. हात लावला की ओरडायची."

गुरुजी निघताना म्हणाले, "बाई, कोर्टात मात्र बोलावू नका. पाया पडतो." मी शब्द दिला.

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, नेमस्त आणि नेटके. आमची मराठवाडी बोली त्यांना अर्धी कळायची. साक्षीदार 'लई' म्हणाला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. जमणीसाठी दुभाषी म्हणून पोलिसांनीच एक शिपाई उभा केला होता. त्याची नेमणूक एकदा तांड्यांच्या भागात होती, एवढंच त्याचं लमाणीचं ज्ञान. दत्ताराव पाटील आपल्या माणसांसह दारात उभा. आणि सगळ्यात मागच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन, राठोड गुरुजी. मी बोलावलं नव्हतं. का आले, ते मलाही ठाऊक नव्हतं.

सरकार पक्षाचा पहिला साक्षीदार गणपत, येरमाळ्याचा नारळ-पेढ्यांचा दुकानदार. सरकारी वकिलानं त्याच्याकडून साक्ष छान वदवून घेतली. "ही बाई पोरीला काखंत मारून चालली होती. तोंडानं 'येडी, येडी' करत होती. येड्याचं सोंग घेत होती, साहेब. आदी वाटलं देवीचं नाव घेतीया. पर कुठलं काय!"

मग माझी पाळी. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचे त्याला उलटतपास म्हणतात. बाहेरच्या लोकांना वाटतं की त्यात आरडाओरडा करून साक्षीदाराला खोटा पाडायचा असतो. पुष्कळदा तसं नसतं. पुष्कळदा साक्षीदार अगदी खरं बोलत असतो, फक्त आपण काय बोललो ते त्याला कळलेलं नसतं.

"गणपतराव, ती 'येडी येडी' असं पुटपुटत होती का?"

"पुटपुटतीया कशाची! बोंबलत होती. गिऱ्हाइकाचं मला ऐकू येईना."

"कुणाकडं बघून?"

"एकेका बाईला धरायची. पोरगी पुढं करायची, आन् 'येडी? येडी?' करायची."

"बायांनाच? गड्यांना नाही?"

गणपतनं आठवून पाहिलं. "न्हाय. गड्याला एकाबी न्हाय. समद्या बायाच."

"पोर पळवणारी बाई बोंबलत, एकेका बाईला पोर दाखवत जाईल का हो?"

सरकारी वकील उठले. मॅजिस्ट्रेटनी तो प्रश्न नाकारला, पण त्यांची लेखणी थांबलेली मला दिसली. मी म्हणाले, "साहेब, तो शब्द नेमका काय आहे आणि आरोपीच्या भाषेत त्याचा अर्थ काय, हे दुभाष्याला विचारावं."

शिपाई म्हणाला, "येडी म्हंजी येडी, साहेब. वेडी."

मी पाहिलं, जमणीला यातलं काही कळत नव्हतं. ती एकदा शिपायाकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. तुरुंगात गुरुजींच्या तोंडून ऐकल्यामुळं मला अर्थ ठाऊक होता, पण वकिलाचं ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि मी शब्द दिला होता. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, परवानगी असेल तर मी सांगतो." गुरुजी उभे राहिले होते. "शब्द येडी नाही. याडी. याडी म्हणजे आई."

"आपण कोण?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. "मी प्राथमिक शिक्षक आहे, साहेब. मी लमाण आहे. ही माझी मातृभाषा आहे."

मॅजिस्ट्रेटनी शिपायाला खाली उतरवलं, गुरुजींना शपथ दिली, आणि पुढं सगळं काम त्यांच्या तोंडून झालं. त्यांनी जमणीला सांगितलं, काय चाललंय ते. ती एकदम हसली. तुरुंगात गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्याच खटल्याची बातमी दिली होती.

पण तोरड्या उरल्याच होत्या. दुपारी मुलीची आई, सुभद्राबाई, साक्षीला आली. डोईवर पदर, नजर जमिनीला, पोरगी कडेवर. तिनं सरकारी वकिलाला पढवल्यासारखी उत्तरं दिली. "पायात तोरड्या हुत्या." "घावली तवा नव्हत्या."

काझीसाहेबांनी मला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं, "जिस सवाल का जवाब मालूम नै, वो सवाल नको पूछो." उलटतपासात एक नसता प्रश्न विचारला आणि सगळी केस बुडाली, असे वकील मी पाहिले होते. पण सुभद्राबाईच्या कडेवरून पोरीचे पाय लोंबत होते, आणि दोन्ही घोट्यांच्या वर बऱ्या झालेल्या जखमेचं पांढुरकं कडं मला स्पष्ट दिसत होतं. मी काझीसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. त्यांना बसल्या जागेवरून पाय दिसत नव्हते.

"सुभद्राबाई, पोरीच्या पायाला हे काय झालं?"

तिनं नकळत पोरीचे पाय पदराखाली झाकले. "तोरड्या लागत हुत्या."

"जखम झाली होती?"

"व्हय. चिघळली हुती."

"यात्रेला गेलात तेव्हा चिघळलेलीच होती?"

तिनं दाराकडं पाहिलं. तिथं दत्ताराव उभा होता. मग तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडं पाहिलं. जमणी तिच्याकडं नाही, पोरीकडं बघत होती, आणि पोरगी जमणीच्या काचोळीवरच्या आरशांकडं.

मी विचारलं, "मग चिघळलेल्या पायात तोरड्या कुणी घातल्या?"

ती 'सासूनं' म्हणाली असती तरी जमणी आत गेली असती.

"कुणी न्हाय घातल्या," सुभद्राबाई म्हणाली. "म्याच काढल्या हुत्या. घरी डब्यात हायत्या."

दारात गलका झाला. पट्टेवाल्यानं सगळ्यांना दटावलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "मग तक्रारीत गेल्या असं का म्हटलं?"

"धनी चिडलं हुतं. चार माणसांत बोलून गेलं. मागनं म्या सांगितलं, तर म्हणले, आता शब्द फिरवला तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आवाज चढवून म्हणाली, "हिनं माझं लेकरू जितं आणून दिलं, साहेब. आन् आमी हिलाच मारलं."

गुरुजींनी ते जमणीला सांगितलं.

त्याच दिवशी जमणी निर्दोष सुटली. निकाल ऐकताना मला आनंदाआधी जाणवलं ते एवढंच, की कित्येक दिवस आवळून धरलेले माझे खांदे सैल पडले. काझीसाहेब म्हणाले, "मैं नको बोला था." आणि मग, "अच्छा हुआ, नै सुनी."

बाहेर पायऱ्यांवर नाईक, तांड्यातल्या दोन-चार बाया आणि जमणी उभ्या होत्या. मी गुरुजींना म्हणाले, "हिला विचारा, परत यात्रेत असं पोर रडताना दिसलं तर काय करशील?" मला वाटलं होतं, ती कानाला हात लावेल. जमणीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी वकील नसून खुळी आहे.

"रडत असंल तर उचलायचंच की, म्हणते," गुरुजी म्हणाले. "दुसरं काय करतात, म्हणते."

माझ्या आनंदाला एक बोच मात्र राहिली. सुभद्राबाईला नवऱ्यानं कोर्टातूनच परस्पर माहेरी धाडलं, असं कानावर आलं. एका बाईला सोडवायला मी दुसरीच्या संसाराला हात घातला होता. प्रश्न विचारणारा वकील घरी जातो, उत्तर देणाऱ्याला त्या उत्तरासकट राहावं लागतं. पुढचा पावसाळा सरला, आणि एके सकाळी दत्ताराव पाटील माझ्या दारात. मला वाटलं, भांडायला आला. त्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि बांधाच्या भांडणाची केस सांगायला लागला.

"पाटील," मी म्हणाले, "जिल्ह्यात वकील पुष्कळ आहेत. माझ्याकडं कसे?"

"घरचं माणूस म्हणलं, वकील करायचा तर त्याच बाईला करा. ती समद्यांकडनं खरं काढून घेती. मला तर भ्याच वाटत हुतं यायला."

"घरी आहेत का त्या?"

"मग कुठं असंल? म्याच जाऊन आणली. पोरगी तिकडं, ही तिकडं, आन् म्या एकटा वाड्यावर, करतो काय?"

ती बांधाची केस मी हरले. पाटलाची बाजूच खोटी होती. पण त्या दिवशी तो गेल्यावर मी कितीतरी वेळ उगाचच हसत बसले होते.

राहता राहिले राठोड गुरुजी. निकालाच्या दिवशी ते चहालाही न थांबता एस.टी. गाठायला गेले. त्यांच्या गावची चार माणसं त्या दिवशी जमिनीच्या कामानं कोर्टात होती, म्हणजे बातमी त्यांच्या आधी गावात पोचणार. नंतर त्यांचं काहीच कळेना. मी पत्र घालायला बसायची आणि काय लिहावं ते न सुचून उठायची. एका दुपारी ते स्वतःच बाररूममध्ये आले. टोपी तशीच पांढरी, तब्येत उलट सुधारलेली. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले.

"त्या संध्याकाळी घरी पोचलो, बाई, तर मालक ओट्यावर बसलेले. मी म्हटलं, आधी आपणच सांगून मोकळं व्हावं, मग त्यांनी सामान बाहेर टाकलं तरी चालेल. म्हटलं, मालक, मी लमाण आहे. तर ते म्हणाले, ठावं हाय."

"ठावं हाय?"

"हो! म्हणाले, गुरुजी, तुमी झोपंत लमाणीत बोलता. पहिल्या महिन्यापासनं ऐकतोय. मालकीण आतून म्हणाली, मला वाटलं हुतं ताप चढलाय, मग कळलं, बोलतायत."

काझीसाहेब पेपर खाली ठेवून ऐकायला लागले होते. दाराकडचे दोन-तीन वकीलही खुर्च्या ओढून जवळ आले.

"मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर मालक म्हणाले, तुमीच बोलला न्हाईत, मग आमी कशाला बोलावं?"

गुरुजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी टोपीनंच डोळे पुसले. काझीसाहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.